तोंडातून एचआयव्ही चाचणी: कुणाच्या हाती द्यायची?

२००६ साली सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रसूतिकक्षात एक काम रात्रंदिवस चालले होते. कळा देत आलेल्या बाईला समजावून सांगायचे, तिची संमती घ्यायची आणि एक चपटी पट्टी तिच्या हिरड्यांवरून फिरवून एचआयव्हीची चाचणी करायची. जोडीला बोट टोचून रक्ताचीही. निकाल तिथल्या तिथे हातात. जवळपास सगळ्या बायकांनी चाचणीला होकार दिला. गरोदरपणात दवाखान्याच्या फेऱ्या मारूनही एचआयव्हीची चाचणी न झालेल्या बायका त्यांत पुष्कळ होत्या. दिवसा उघडणारी आणि संध्याकाळी बंद होणारी प्रयोगशाळा त्यांच्या उपयोगाची नव्हती, कारण बाळंतपण घड्याळ बघून होत नाही. आई बाधित आहे हे बाळ जन्मण्याआधी कळले, तर दोघांनाही औषध देता येते. काहीच केले नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते.

त्याच संस्थेत डॉ. नितिका पंत पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५० जणांवर तोंडातली चाचणी आणि रक्ताची चाचणी ताडून पाहिली होती. दोन्हींचे निकाल जुळले. टोचून घेण्यापेक्षा तोंडातली चाचणी बहुतेकांना बरी वाटली. हे संशोधन वर्ध्याच्या परिसरातल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांवर झालेले आहे. त्यामुळे ‘हे परदेशी तंत्र आपल्याकडे चालेल का’ ही शंका निदान नव्याने काढायला नको.

तंत्र जुनेच आहे. तोंडातून नमुना घेण्याच्या साधनाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ मध्ये मान्यता दिली, तिथल्या तिथे निकाल देणाऱ्या चाचणीला २००४ मध्ये आणि दुकानातून विकत घेऊन घरी करायच्या ओराक्विक किटला जुलै २०१२ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१६ मध्ये स्व-चाचणीची शिफारस केली. आपल्या सरकारी कार्यक्रमात मात्र निदानाचा पाया रक्तच राहिला आहे. ही पट्टी आपल्याकडे लोकांच्या हाती द्यावी का, आणि द्यायची तर कुणाच्या, हा प्रश्न आता टाळून चालणार नाही. मला तो सोपा वाटत नाही. दोन्ही बाजूंना वजनदार कारणे आहेत, आणि ती बोलणारी माणसे एकाच आजाराशी झुंजणारी आहेत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, उष्टे पाणी प्यायल्याने, चुंबनाने तो लागत नाही. मग लाळेतून तो सापडतो कसा? ही चाचणी विषाणू शोधतच नाही. विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये ती शोधते. हिरड्या आणि दात यांच्या फटीतून, गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तातला द्रव अगदी थोडा पाझरत असतो. त्यात ही प्रतिद्रव्ये असतात. म्हणून पट्टी जिभेवर किंवा थुंकीत बुडवायची नसते. वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची, मग नळीतल्या द्रावणात उभी करायची आणि २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान वाचायची. एक रेघ दिसली तर निगेटिव्ह, दोन दिसल्या तर पुढे तपासायला हवे. एकही दिसली नाही तर किट निकामी. चाचणीला परवानगी मिळाली आणि हा फरक लोकांना नीट सांगितला गेला नाही, तर ‘लाळेची चाचणी आहे, म्हणजे लाळेत एचआयव्ही असणारच’ हे गावोगाव पसरेल. पस्तीस वर्षे खपून लोकांच्या मनातून काढलेली भीती परत आणणे कुणालाच परवडणारे नाही.

आता अचूकपणाकडे येऊ. विरोधकांचा सगळा भर इथे आहे आणि समर्थक बहुतेकदा इथूनच घाईने पुढे सरकतात. डॉ. पंत पै यांच्याच गटाने २०१२ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून तोंडातल्या आणि रक्ताच्या चाचणीची तुलना केली. १०० बाधितांपैकी तोंडातल्या चाचणीने साधारण ९८ ओळखले, रक्ताच्या चाचणीने ९९.७. बाधित नसलेल्यांना बरोबर ‘नाही’ म्हणण्यात तोंडातली चाचणी ९९.७४ टक्के खरी ठरली, रक्ताची ९९.९१ टक्के. फरक किरकोळ दिसतो. पण हे आकडे कुणावर लावले, त्यावर त्यांचा अर्थ पालटतो.

देशातल्या प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे. सरसकट १०,००० माणसांची तोंडातून चाचणी केली तर त्यांत बाधित साधारण २० असतील. ते बहुतेक सगळे सापडतील. पण उरलेल्या ९,९८० जणांपैकी सुमारे २६ जणांच्या पट्टीवरही दुसरी रेघ उमटेल. ज्यांना धक्का बसला अशा ४६ जणांत निम्म्याहून अधिक माणसांना एचआयव्ही नसेलच. रक्ताच्या चाचणीत अशी नाहक घाबरलेली माणसे ९ असतील. आता हीच पट्टी अशा वस्तीत न्या जिथे बाधितांचे प्रमाण ५ टक्के आहे. १०,००० पैकी ५०० बाधित, त्यांतले ४९० सापडतील, खोट्या रेघा २५ उमटतील. दुसरी रेघ दिसलेल्या दर १०० जणांपैकी ९५ जण खरोखरच बाधित असतील. किट तीच, चाचणी करणारे हात तेच. पण पहिल्या ठिकाणी रेघ फार काही सांगत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ सगळे सांगते. परवानगीची सगळी चर्चा या हिशोबापासून सुरू व्हायला हवी, असे मला वाटते.

या हिशोबाला आणखी एक बाजू आहे. ९८ टक्के हा आकडा मुख्यतः प्रशिक्षित माणसांच्या हातातला. अमेरिकेत सामान्य लोकांनी घरी स्वतः चाचणी केली, तेव्हा बाधितांपैकी सुमारे ९२ टक्केच ओळखले गेले. १२ बाधितांमागे एकाला किटने ‘नाही’ म्हटले. वर मोजलेल्या ५०० बाधितांना हे लावले तर ४० हून अधिक माणसे निर्धास्त होऊन घरी बसतील. खोटा पॉझिटिव्ह दुसऱ्या चाचणीत उघडा पडतो. खोट्या निगेटिव्हला दुसरी चाचणीच होत नाही, म्हणून मला तो जास्त काळजीचा वाटतो.

त्यात भर विंडो पिरियडची. लागण झाल्यावर प्रतिद्रव्ये पुरेशी तयार व्हायला वेळ लागतो. प्रयोगशाळेत शिरेतून काढलेल्या रक्ताची, विषाणूचा अंशही शोधणारी आधुनिक चाचणी १८ ते ४५ दिवसांत लागण दाखवू शकते. तोंडातल्या चाचणीला ९० दिवसांपर्यंत थांबावे लागते. घाबरलेला माणूस तीन महिने थांबत नाही. संबंध आल्याच्या आठव्या-दहाव्या दिवशीच तो किट शोधतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पट्टी काही सांगू शकत नाही. जे आधीच एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे, घेत आहेत किंवा प्रतिबंधासाठी प्रेपच्या गोळ्या घेत आहेत, त्यांच्यातही ती फसू शकते. उपचार चालू असलेल्या एखाद्याने ‘आता बरा झालो का’ पाहायला ही चाचणी केली, एकच रेघ दिसली आणि गोळ्या बंद केल्या, तर ती रेघ त्याच्या जिवावर बेतेल. हे पाकिटावर ठळक लिहायला हवे, आणि एआरटी सेंटरच्या सिस्टरने तोंडी सांगायलाही हवे.

प्रशिक्षित हातांतही सगळे सुरळीत होतेच असे नाही. न्यूयॉर्क शहराच्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत २००५ च्या अखेरीस आणि पुन्हा २००७-०८ मध्ये तोंडातल्या चाचणीत खोट्या पॉझिटिव्हांची संख्या एकाएकी वाढली. कारण ठामपणे सापडले नाही. तोंडातली चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच बैठकीत बोटातले रक्त घेऊन दुसरी करायची, असा मार्ग तिथे काढला गेला. सेवाग्रामच्या प्रसूतिकक्षातही रक्त जोडीला होतेच. आपल्याकडे तर नियम आणखी कडक आहे: लक्षणे नसलेल्या माणसाला बाधित ठरवण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर त्याचे रक्त पॉझिटिव्ह यावे लागते. हा नियम शहाणपणाचा आहे आणि तोंडातल्या पट्टीसाठी तो शिथिल करण्याचे काहीही कारण नाही. पट्टीने चाळणीचे काम करावे. ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ हे वाक्य आयसीटीसीतल्या, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रातल्या, रक्ताच्या रिपोर्टनंतरच उच्चारले जावे.

इतकी मर्यादा असलेली गोष्ट मग हवीच कशाला? कारण आयसीटीसीच्या दारापर्यंत जी माणसे पोहोचतच नाहीत, ती याच चाचणीने सापडू शकतात. देशात २५ लाखांच्या आसपास लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि राज्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशातल्या बाधितांपैकी सुमारे पाचातल्या एकाला आपल्या लागणीची कल्पना नव्हती. ज्यांना कळले त्यांतले बहुतेक उपचारावर आहेत, आणि उपचारावर असलेल्यांत विषाणू दबलेलाही आहे. औषध २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळते, २०१७ पासून निदान होताच सुरू होते, आणि विषाणू पूर्ण दबला की जोडीदाराला लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. साखळीच्या पुढच्या सगळ्या कड्या बऱ्यापैकी मजबूत आहेत, पहिलीच तुटलेली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ साठी ठेवलेल्या ९५ टक्क्यांच्या तीन लक्ष्यांपैकी आपण सर्वांत मागे याच पहिल्या लक्ष्यात होतो.

हे पाचातले एक कोण असतील? सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात ओळखीचे कुणी भेटेल म्हणून न जाणारा तालुक्याचा दुकानदार. सकाळी नऊ ते चार या वेळेत कधीच मोकळा नसलेला ट्रकचालक. पुरुषांशी संबंध ठेवणारा आणि घरात लग्न ठरत असलेला तरुण, ज्याला समुपदेशकासमोर पहिला प्रश्न ऐकायचीच धास्ती आहे. बायको स्वतःची गोळी लपवून घेत असताना तपासायलाच न येणारा नवरा. आपली चाचणी गरोदर बाईपर्यंत चांगली पोहोचते, तिच्या नवऱ्यापर्यंत नाही.

नवऱ्याच्या बाबतीत केनियातल्या किसुमू शहराचा अनुभव लक्ष देण्याजोगा आहे. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना तिथे दोन गटांत विभागले. एका गटाला जोडीदारासाठी दवाखान्यात येण्याचे निमंत्रणपत्र दिले, दुसऱ्याला तोंडातल्या चाचणीची किट. तीन महिन्यांत पत्र मिळालेल्या गटातले निम्मे पुरुष तपासले गेले. किट मिळालेल्या गटातले ९० टक्के. मलावीतल्या ब्लँटायर शहरात वस्तीतल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर किट दिली आणि पहिल्याच वर्षात प्रौढांपैकी तीन चतुर्थांश लोकांनी स्वतःची चाचणी केली. निकाल कळून कुणी आत्महत्या करेल, घरोघरी मारहाण होईल, ही भीती या देशांतल्या अनुभवात मोठ्या प्रमाणावर खरी ठरली नाही. छळाच्या घटना घडल्या, पण थोड्या. त्यांना किरकोळ मानू नये. पण त्यांच्यापुढे हजारो चाचण्याही ठेवाव्या लागतात.

महाराष्ट्र म्हणजे मलावी नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. तिथे अनेक वस्त्यांत दर दहा प्रौढांपैकी एकाच्या आसपास बाधित असतात. वरचा हिशोब तिथे वेगळे उत्तर देतो. म्हणूनच त्यांचा घरोघर वाटपाचा नमुना उचलून आपल्या जिल्ह्यांत लावणे चुकीचे ठरेल. त्यांच्याकडून घेण्याजोगे तत्त्व एवढेच की जिथे प्रमाण जास्त आणि दवाखान्याचा रस्ता अवघड, तिथे किट माणसाकडे जावी.

विरोधाच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण मात्र प्रयोगशाळेतले नाही. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्याला काय झाले हे नीट न सांगताच पोलिसांनी त्याला उचलले आणि म्हापशातल्या एका ओसाड क्षयरुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. त्याची आई ल्यूसी डिसोझा न्यायालयात गेली. पुढे डॉमिनिकने गोव्यात बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. त्याच्या संमतीविना झालेल्या एका चाचणीने त्याचे नाव, नोकरी आणि स्वातंत्र्य हिरावून घेतले होते. त्या पिढीने लढून मिळवलेले हक्क आज २०१७ च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यात आहेत. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संमतीविना चाचणी नाही, चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन, निकालाची गुप्तता, नोकरीत आणि उपचारांत भेदभावाला बंदी, हे त्याचे मुख्य खांब.

रक्त काढायला निदान एक प्रशिक्षित माणूस लागतो, आणि तो कायद्याने बांधलेला असतो. तोंडातली पट्टी कुणीही कुणाच्याही हातात ठेवू शकतो. मुलगी पाहायला आलेले लोक, कामावर घेणारा ठेकेदार, कुंटणखान्याची मालकीण, संशयी नवरा, शस्त्रक्रियेआधी ‘एवढे जरा तोंडात फिरवा’ म्हणणारा खाजगी दवाखाना. सुई नाही, म्हणून नकार द्यायलाही जड जाते. वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या चळवळी, सांगलीची ‘संग्राम’ आणि तिच्यातून उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद, गेली अनेक वर्षे सांगत आल्या आहेत की बायांना विश्वासात घेऊन काम केले तरच रोग आटोक्यात येतो, सक्तीने नाही. किट सोपी असणे हा गुण आहे तसाच धोकाही आहे, आणि या मुद्द्यावर विरोधकांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

तरीही त्यावरून बंदीकडे जावे असे मला वाटत नाही. सक्तीच्या चाचण्या आज रक्तावरही होतात. त्या थांबवायच्या तर कायदा वापरावा लागेल, आणि तो वापरला जात नाही ही वेगळी तक्रार आहे. सक्ती करणाऱ्याच्या भीतीने स्वेच्छेने तपासू पाहणाऱ्याला अडवले, तर शिक्षा भलत्यालाच होते.

कोविडच्या काळात मे २०२१ मध्ये पुण्यात तयार झालेल्या घरगुती चाचणी किटला आयसीएमआरने मान्यता दिली होती. २५० रुपयांना मिळणारी ती किट लाखो लोकांनी स्वतःच्या नाकात फिरवली. आपल्या लोकांना हे जमणार नाही, असे त्यानंतर म्हणता येत नाही. पण कोविडचा निकाल दहा दिवसांत मागे पडत होता. एचआयव्हीचा निकाल माणसाबरोबर जन्मभर राहतो, आणि आपल्या समाजात तो शेजाऱ्यांच्या जिभेवरही राहतो. त्या अनुभवाचा दाखला कौशल्यापुरता घ्यावा. मनाच्या तयारीपुरता घेऊ नये.

हे सगळे मांडून माझे मत असे की परवानगी द्यावी, पण टप्प्याने, आणि औषधाच्या दुकानापासून सुरुवात करू नये. दुकानातून किट घेणारा बहुधा शहरातला, पैसे असलेला, आणि अनेकदा कमी धोका असलेलाच असेल. त्याच्याच बाबतीत खोट्या रेघा सर्वाधिक उमटतील आणि त्याच्याच सोबतीला कुणी नसेल. सुरुवात तीन ठिकाणी व्हावी. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांच्यात काम करणाऱ्या संस्थांच्या पीअर एज्युकेटरच्या, म्हणजे त्याच समूहातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्याच्या, हाती. तो वस्तीतलाच असतो आणि रात्री अकरालाही फोन उचलतो. दुसरे, एआरटी घेणाऱ्या माणसाच्या जोडीदारासाठी, त्या माणसाची स्वतःची इच्छा असेल तरच. तिसरे, ज्या ग्रामीण रुग्णालयांत रात्री प्रयोगशाळा बंद असते, तिथल्या प्रसूतिकक्षात. तिथे बोटातल्या रक्ताची किट असेल तर तीच आधी वापरावी, कारण ती जास्त अचूक आहे, आणि तोंडातली पट्टी दुसरा पर्याय म्हणून असावी. पीअर एज्युकेटरना मात्र महिन्याचे उद्दिष्ट देऊ नये. किट संपवण्याचे लक्ष्य आले की संमती कागदावर उरते.

किट आपल्या हवामानातही टिकायला हवी. साठवणुकीची कमाल मर्यादा ३० अंश सेल्सिअस आहे आणि विदर्भातला मे महिना ४५ च्या पलीकडे जातो. संस्थेच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या खोक्यावर विसंबता येणार नाही. चाचणीआधी किमान १५ मिनिटे काही खायचे-प्यायचे नसते. तंबाखू, गुटखा, मशेरी, पान यांची सवय असलेल्या तोंडांवर ही किट इथेच तपासून पाहिली पाहिजे. सूचना मराठीत हव्यात, आणि चित्रांतही, कारण वाचता न येणाऱ्या माणसाला त्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागल्या तर गुप्तता तिथेच संपते. १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन पाकिटाच्या पुढच्या बाजूला छापावी, आणि रात्री दोन वाजता तो फोन मराठीतून कुणीतरी उचलावा. कुणावर सक्ती केल्याचे दिसले, तर २०१७ च्या कायद्याखाली तक्रार कुठे करायची, हेही त्याच पाकिटावर हवे.

किती किट वाटल्या, हा आकडा सरकारला जाहीर करायला सोपा आहे आणि त्याने कळत काहीच नाही. दुसरी रेघ दिसलेल्यांपैकी किती जण आयसीटीसीत आले, त्यांतले किती जण तीन किटवर खरे ठरले, आणि किती जणांची एआरटी सुरू झाली, हे जिल्हावार दर सहा महिन्यांनी लोकांसमोर यायला हवे. दुकानातल्या विक्रीचा निर्णय त्या आकड्यांवर व्हावा. नाव न विचारता दिलेल्या किटचा माग काढणे अवघड आहे, आणि माग काढण्याच्या नादात नावे विचारली गेली तर किटचा हेतूच बुडतो. त्यावर उपाय साधा आहे: आयसीटीसीत येणाऱ्या प्रत्येकाला समुपदेशकाने विचारावे की आधी तोंडातून चाचणी केली होती का, आणि नावाशिवाय, फक्त हो किंवा नाही, एवढेच वेगळ्या नोंदवहीत लिहावे.